मोगरा की तगर?

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीजवळ हार-गजरे आपण रोज पाहतो. आमच्या गटानेही गजऱ्यांसाठी मोगऱ्याची म्हणून रोपे घेतली. निघाली डबल तगर! दोन्हींची फुले पांढरी, म्हणून फसलो. पण दोघांचे कूळच वेगळे. मोगरा पारिजातकाच्या कुळातला, तगर देवचाफ्याच्या. म्हणूनच तगरीचे पान तोडले की चाफ्यासारखा पांढरा चीक येतो. मोगऱ्याला येत नाही. चीक लागला तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. तगर बारा महिने फुलते, देवाच्या हाराला चालते. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, पण घमघमाट त्याचाच, आणि गजऱ्याला पैसे मिळतात ते त्या वासाचेच. तेव्हा रोप घेण्याआधी एक पान तोडून पाहा!