औषध कालविणारे हात

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की वाटेत अंथुर्णे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा ऊसकरी मुलूख. आषाढी वारीला तुकोबांची पालखी याच वाटेने पुढे जाते. इथल्या शेतकऱ्याने पंप पाठीवर घेतला म्हणजे त्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नये. आणि भाषेची गंमत पाहा, त्या पंपात असते जहाल विष, पण आपण म्हणतो, “आज उसाला औषध मारायचं आहे!”

औषध आणि विष यांना आपल्या शेतकऱ्याने असे एकाच नावाने हाक मारावी, यात मोठे शहाणपण आहे. कॅन्सरच्या औषधांना तर ते तंतोतंत लागू पडते.

अंथुर्ण्यासारख्या गावचा एखादा मुलगा आपल्या आईला घेऊन कॅन्सरच्या इस्पितळात आला आहे, अशी कल्पना करा. आज पहिले ‘केमो’ आहे. सिस्टर सलाईनची पिशवी घेऊन येतात. अंगात लांब बाह्यांचा गाऊन, हातांत मोज्यांवर मोजे, तोंडावर पट्टी. मुलाच्या पोटात धस्स होते. तो विचारतो, “सिस्टर, आमच्या आईच्या शिरंत सोडताय ते औषध, अन् तुम्ही स्वतः त्याला बोटसुद्धा लावत नाही. हे कसं?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ‘मस्टर्ड गॅस’ नावाचा विषारी वायू रणांगणावर प्रथम सोडण्यात आला. अंगावर फोड उठविणारा हा वायू रक्तातील पांढऱ्या पेशीही नष्ट करतो, असे पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले. मग १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या शास्त्रज्ञांनी त्याच्याच एका भावंडाचा, नायट्रोजन मस्टर्डचा, रक्तपेशींशी संबंधित कॅन्सरवर उपयोग करून पाहिला. गाठी वितळू लागल्या! आज जगभर वापरले जाणारे सायक्लोफॉस्फमाइड हे औषध त्याच कुळातले. म्हणजे ज्या विषाने सैनिक मेले, त्याच्याच वंशजांनी पुढे असंख्य रोग्यांना जीवदान दिले.

परंतु कूळ बदलले तरी स्वभाव कसा बदलेल? भराभर वाढणाऱ्या पेशी मारणे, हा या औषधांचा धर्म. पेशी रोग्याची की औषध देणाऱ्या सिस्टरची, हे त्यांना ओळखता येत नाही. सायक्लोफॉस्फमाइडची गणना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात कॅन्सर उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. रोग्याच्या खात्यात निदान जमा आणि खर्च दोन्ही असतात. त्याला रोग हटविण्यासाठी तोटा सोसायचा असतो. औषध कालविणाऱ्याच्या खात्यात जमा काहीच नाही, नुसता खर्च!

हा खर्च खरोखर पडतो काय? १९७९ साली फिनलंडमध्ये ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासण्यात आली. पेशींच्या आनुवंशिक घटकांत बदल घडविणाऱ्या द्रव्यांच्या खुणा तिच्यात सापडल्या. या बायकांनी औषध घेतले नव्हते, फक्त रोज तयार करून दिले होते. १९८५ साली त्याच देशातील परिचारिकांची आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे हाताळणे आणि गर्भपात होणे यांचा संबंध तीत दिसून आला. तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले.

औषध बाहेर निसटते तरी कसे? कुपीत भुकटी असते. तीत सुईने पाणी सोडले की आतला दाब वाढतो आणि सुई उपसताना डोळ्यांना न दिसणारा तुषार उडतो. तो श्वासात जातो, टेबलावर बसतो, तेथून हाताला, हातावरून दाराच्या कडीला आणि टेलिफोनला. कारखान्यातून आलेल्या कुपीच्या बाहेरच्या अंगालाही औषधाचा अंश असू शकतो. म्हणून खोके उघडतानाच मोजे हवेत.

यावर उपाय आहेत. औषध खास काचेच्या कपाटात कालवावे. त्यात हवा वरून खाली वाहते आणि गाळून बाहेर सोडली जाते. हवा समोरून माणसाच्या तोंडावर आणणारे कपाट मात्र येथे मुळीच चालत नाही. पुन्हा तोच वाऱ्याच्या तोंडाला उभे न राहण्याचा न्याय! कुपी आणि सिरिंज यांची बंद जोडणी करणारी साधनेही निघाली आहेत. ती महाग आहेत हे खरे. पण शिस्तीला पैसा पडत नाही. कुपीत हवा कोंबू नये. फिरकीने घट्ट बसणारी सिरिंज घ्यावी. सलाईनची नळी औषध मिसळण्यापूर्वीच साध्या सलाईनने भरून घ्यावी. मोज्यांच्या दोन जोड्या घालाव्यात आणि अर्ध्या तासाने बदलाव्यात. त्या खोलीत चहा, डबा, पान-तंबाखू काही नको. आणि स्पिरिटने पुसले म्हणजे झाले, हा भ्रम सोडावा. स्पिरिटने जंतू मरतात. औषध मरत नाही, ते फक्त पसरते.

या साखळीत सर्वांत शेवटी उभ्या असतात झाडलोट करणाऱ्या मावशी. रिकामी कुपी, ठिबकलेली नळी, ओकारीने भरलेली चादर त्यांच्याच हाती येते, आणि ‘हे साधे नव्हे’ हे त्यांना सांगायला पुष्कळदा कोणी नसते. आपल्या देशातील २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार असा कचरा पिवळ्या पिशवीत घालून १२०० अंशांहून अधिक उष्णतेत जाळावा लागतो. पण पिशवी उचलणाऱ्या हातांत मोजे आहेत की नाहीत, हे इस्पितळातल्या कोणीतरी पाहायला नको काय?

आता पुन्हा अंथुर्ण्याला येऊ. आई संध्याकाळच्या गाडीने घरी परतते आणि औषधही तिच्याबरोबर घरी येते; कारण पुढे निदान दोन दिवस ते तिच्या लघवीतून, ओकारीतून आणि घामातून बाहेर पडत असते. घाबरण्याचे कारण नाही. आईजवळ बसावे, तिचा हात हाती घ्यावा, नातवंडांना तिच्याजवळ जाऊ द्यावे. मात्र तिचे खराब झालेले कपडे मोजे घालून, वेगळे धुवावेत. संडासात दोनदा भरपूर पाणी ओतावे. कॅन्सरच्या गोळ्या घरी दिल्या असतील तर त्या खलबत्त्यात कुटू नयेत. आणि घरातली सून गरोदर असेल, तर हे काम तिच्याकडे देऊ नये. ते मुलाने करावे. त्यात कमीपणा कसला?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष तोंडावाटेच जाते असे नाही. ते कातडीतून जाते, श्वासातून जाते, हा धडा आपल्या शिवाराने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. यवतमाळात विषाने तिथल्या तिथे माणसे पाडली. इस्पितळातील विष मात्र गुपचूप काम करते. त्याचा हिशेब वर्षांनी निघतो, आणि तेव्हा तो कोणाच्या नावे मांडायचा हे उमगत नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला सिस्टरने जे सांगावे ते इतकेच : “दादा, तुमच्या आईला हे एकदा मोजून द्यायचं आहे, तिच्या भल्यासाठी. मी रोज किती जणांसाठी कालवते! फवारताना तुम्ही वाऱ्याकडे पाठ करता ना? मीही तेच करते.”

अंथुर्ण्याच्या माणसाला याहून अधिक सांगावे लागणार नाही. आणि पुढच्या खेपेला सिस्टरच्या हातात मोजे दिसले नाहीत, तर त्यानेच विचारावे, “सिस्टर, मोजे कुठं आहेत?” औषध देणारे हात धडधाकट राहण्यात त्याच्या आईचाही स्वार्थ आहे.