माईकची शिट्टी आणि तीन बटणे

शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदक दोन वाक्ये बोलतो आणि कर्णकर्कश शिट्टी वाजू लागते. कोणीतरी धावत जाऊन आवाज कमी करतो. शिट्टी थांबते, पण मागच्या रांगेतल्या मुलांना आता काहीच कळत नाही. यातून वाट काढणारे एक साधन म्हणजे पॅरामेट्रिक इक्वलायझर. त्याचे काम आणि त्याच्या मर्यादा आपण पाहू.

शिट्टी वाजते कशी? माईकमध्ये शिरलेला आवाज अँप्लिफायर वाढवतो व स्पीकर तो सभागृहात सोडतो. त्यातला काही भाग फिरून माईकमध्ये येतो आणि पुन्हा वाढतो. एका फेरीत आवाज जितका वाढतो त्याहून अधिक वाटेत विरत असेल, तर काही बिघडत नाही. परंतु माईक, स्पीकर आणि सभागृह सर्व वारंवारतांना समान वागणूक देत नाहीत. समजा, १००० हर्ट्झची वारंवारता जास्त उचलली जाते. परत आलेली तरंगमाला मूळ तरंगमालेशी जुळली, की प्रत्येक फेरीत हीच वारंवारता वाढत जाते. तीच ती शिट्टी. दोषी एकच, पण आवाज कमी केला की शिक्षा मात्र सगळ्यांना!

फक्त दोषी वारंवारता कमी करायची, तर तीन प्रश्नांची उत्तरे हवीत: कोठे, किती आणि केवढ्या पट्ट्यात? पॅरामेट्रिक इक्वलायझरवर यासाठी तीन बटणे असतात. पहिल्याने मध्य वारंवारता ठरते. दुसऱ्याने ती किती डेसिबल वाढवायची वा घटवायची ते ठरते. ६ डेसिबल घट म्हणजे आयाम जवळजवळ निम्मा. तिसरे बटण ‘क्यू’चे. मध्य वारंवारतेला पट्ट्याच्या रुंदीने भागले, की ढोबळमानाने क्यू मिळतो. १००० हर्ट्झला क्यू २ असेल तर पट्टा ५०० हर्ट्झ रुंद. क्यू १० असेल तर फक्त १०० हर्ट्झ. अरुंद पट्ट्याने शिट्टी जाते आणि बोलणे जवळजवळ जसेच्या तसे राहते.

सरकत्या दांड्यांची रांग असलेल्या ग्राफिक इक्वलायझरमध्ये प्रत्येक दांडीची वारंवारता आणि रुंदी आधीच ठरलेली असते. येथे तिन्ही राशी, म्हणजे पॅरामीटर, आपल्या हाती असतात. म्हणून हे नाव. अमेरिकेतील ध्वनितज्ज्ञ जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात या विषयावर निबंध सादर केला होता. तेव्हा हे काम विद्युत-मंडले करीत. आज संगणकात किंवा मोबाइलमध्ये तेच काम गणिताने होते. आताची व मागची दोन अशी आवाजाची मापे, आणि आधीची दोन उत्तरे, यांना पाच ठरावीक संख्यांनी गुणून बेरीज केली, की एक फिल्टर तयार!

मग इक्वलायझरने सगळेच दोष जातील का? एक प्रयोग करा. मोबाइलवरील ध्वनिनिर्मितीच्या ॲपने वर्गात १००० हर्ट्झचा स्वर सतत वाजवा. एक कान बंद करून डोके सावकाश हलवा. आवाज कमी-जास्त होतो. थेट आलेले आणि भिंतींवरून परतलेले तरंग कोठे एकमेकांना वाढवतात, तर कोठे मारतात. या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर आहे; म्हणून भिंतीजवळ दोन मंद जागांमध्ये साधारण १७ सेंटिमीटर अंतर आढळेल. अशा मंद जागी इक्वलायझरने स्वर वाढवला तर काय होईल? दोन्ही तरंग सारखेच वाढतील आणि एकमेकांना पूर्वीइतकेच मारतील. मधल्या मध्ये शेजारच्या मुलाच्या कानठळ्या बसतील. शिवाय ६ डेसिबल वाढीसाठी अँप्लिफायरला सुमारे चौपट शक्ती लागते. म्हणून जाणकार वाढवण्यापेक्षा घटवणे पसंत करतात. सभागृहातला घुमारा तर इक्वलायझरने जात नाहीच. त्यासाठी पडदे, सतरंज्या हव्यात.

म्हणून आमचा सल्ला असा: आधी स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. मग माईक तोंडाजवळ आणा. तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले, की माईकला मिळणारा बोलण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट! त्यानंतरही शिट्टी उरली तर तीन बटणांकडे वळा.

आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न घाला: माईक तोंडाजवळ आणल्याने बोलणे मोठे होते, मग शिट्टीही का वाढत नाही?