ईमेलने आलेले कार्ड उघडत नाही, तेव्हा

वारजे माळवाडीतला एखादा फॅब्रिकेशनवाला किंवा इलेक्ट्रिशियन आता छापील कार्डाच्या जोडीला ईमेलनेही कार्ड पाठवू शकतो. हे व्हीकार्ड म्हणजे चित्र नव्हे, साधी मजकूर-फाइल असते. नावाच्या शेवटी ‘.व्हीसीएफ’ असते. ती नोटपॅडमध्ये उघडली की नाव, फोन, पत्ता अशा एकेक ओळी दिसतात. बराचसा बिघाड तिथेच सापडतो.

मराठी नावाऐवजी भलतीच चिन्हे दिसली, तर दोष अक्षरांच्या एन्कोडिंगचा. व्हीकार्डच्या १९९६च्या २.१ आवृत्तीत देवनागरीसाठी एन्कोडिंग वेगळे नमूद करावे लागते. २०११च्या ४.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचे आहे, पण ती आवृत्ती सगळीकडे वाचली जात नाही. म्हणून ३.० आवृत्ती यूटीएफ-८मध्ये सेव्ह करून पाठवणे बरे.

कार्डाऐवजी ‘विनमेल.डॅट’ आले, तर पाठवणाऱ्याचे आउटलुक रिच टेक्स्टमध्ये मेल पाठवत आहे. त्यांना एचटीएमएल निवडायला सांगा. एका फाइलमध्ये अनेक कार्डे असतील, तर डेस्कटॉपवरचे जुने आउटलुक पहिलेच घेते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘इम्पोर्ट’ केल्यास सगळी येतात. कार्डातला फोटो फार मोठा असेल तर फाइल फुगते. तो लहान करा किंवा काढून टाका.

नंबरापुढे +९१ जरूर लिहा. परदेशातून फोन लावणाऱ्याची अडचण टळते. फाइलच्या नावाचा शेवट ‘.ईएक्सई’ असेल तर ते कार्ड नव्हे, उघडू नका. आणि गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी कार्ड स्वतःलाच मेल करून दुसऱ्या फोनवर उघडून पाहा.