आपल्या पूर्वजांची कबर कशी शोधावी?



दिंद्रुडच्या एका आजींनी मला विचारले, "भाऊ, माझ्या आजोबांची कबर सापडंल का?" त्यांचे घराणे जालन्याजवळच्या बेथेलचे, म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या ख्रिस्ती गावचे.

असा शोध घरापासून सुरू करावा. वडीलधाऱ्यांकडून नाव, टोपणनाव, गाव, मृत्यूचे अंदाजे वर्ष लिहून घ्या. मग पाळकसाहेबांच्या परवानगीने दफन रजिस्टर पाहा. त्यात सहसा नाव, वय, मृत्यूची व दफनाची तारीख असते. आईबापांची नावे बाप्तिस्मा रजिस्टरात मिळतात. दगड साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. ॲसिड, तारेचा ब्रश नको. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात.

गरिबांच्या कबरीवर पुष्कळदा दगडच नसतो. तिथे रजिस्टरातली ओळ हीच खूण. आदिवासी लेकरांच्या जात पडताळणीसाठी वंशावळ जुळवतानाही १९५० पूर्वीच्या नोंदी उपयोगी पडतात. म्हणून वाळवी लागण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

आजींच्या आजोबांचा दगड मिळाला नाही, ओळ मिळाली. आजींनी त्यावर बोट ठेवून ते नाव माझ्याकडून तीनदा वाचून घेतले.