शिंगांवरून कळते जंगलाची स्थिती

विशेष प्रतिनिधी, जव्हार

सांबराच्या शिंगांचा डौल केवळ वयावर वा वंशावर ठरत नाही. जंगलात हरणांची दाटी किती आणि प्रत्येकाच्या वाट्याला चारा किती, यावरही तो अवलंबून असतो. तानसा अभयारण्याच्या उत्तरेकडील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

गायीची किंवा चौशिंग्याची शिंगे कायमची असतात. सांबर, चितळ, भेकर यांच्या नरांची शिंगे मात्र भरीव हाडाची असतात. ती गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. वाढीच्या काळात त्यांवर मखमली त्वचा असते व तिच्यातील रक्तवाहिन्या पोषण पुरवतात. आहारातील कॅल्शियम आणि फॉस्फरस अपुरे पडल्यास शरीर ते बरगड्यांतून उसने घेते. आधी जीव जगवायचा, उरल्यास शिंगे वाढवायची, असा हा हिशेब आहे.

स्कॉटलंडमधील रम बेटाच्या उत्तर भागात १९७२ नंतर रेड डिअर जातीच्या हरणांची नियंत्रित शिकार थांबवण्यात आली. त्यांची संख्या वाढली, तशी नरांची शिंगे मात्र खुजी होत गेली. शिंगांचा आकार काही अंशी आनुवंशिक असतो. तरीही गर्दी आणि चाराटंचाई त्या वारशावर मात करतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले.

जव्हार-मोखाड्यात हरणांची अशी दाटी नाही. पण म्हणून स्पर्धा टळत नाही. गुरे आणि शेळ्या त्याच गवत-पाल्यावर चरतात. मुसळधार पाऊस उतारावरची माती धुऊन नेतो, तर उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष असते. सांबराची शिंगे साधारणतः उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यापर्यंत टणक होतात. साहजिकच, उन्हाळ्यात खंगलेल्या नराला पावसाळी चाऱ्यावरच सारी भिस्त ठेवावी लागते. वणव्यात पाला जळाला, तर ही खंगण अधिकच वाढते.

अर्थात, एखादे आखूड शिंग पाहून जंगलाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. तो नर तरुणही असू शकतो. सारख्या वयाच्या अनेक नरांची वर्षानुवर्षे तुलना केली, तरच शिंगे बोलकी ठरतात. गळलेली शिंगेही वाया जात नाहीत. साळिंदरे ती कुरतडून खनिजे मिळवतात. म्हणूनच जंगलात सापडलेले शिंग तेथेच राहू द्यावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते परवानगीविना बाळगणे हा गुन्हाही आहे.