सहा अक्षरं की सात?

सिस्टिम डिझाइनच्या मुलाखतीत प्रश्न एका ओळीचा असतो आणि वेळ साधारण पाऊण तास. ‘लांबलचक लिंक आखूड करून देणारी सेवा उभी करा.’ पाठांतर करून आलेला उमेदवार लगेच फळ्याकडे वळतो: लोड बॅलन्सर, सर्व्हर, रेडिस, डेटाबेस. पाच मिनिटांत चौकोन काढून होतात, आणि पुढे बोलायला काही उरत नाही. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी आम्ही एकमेकांच्या मॉक (सरावाच्या) मुलाखती घेतो, तिथे हे वरचेवर दिसतं. म्हणून आता आधी हिशेब, मग चौकोन.

महिन्याला १० कोटी नव्या लिंका धरू. महिन्याचे सेकंद जवळपास २६ लाख, म्हणजे सेकंदाला चाळीसेक लिंका लिहायच्या. उघडणारे शंभरपट धरले तरी सेकंदाला चार हजार. एका नोंदीला ५०० बाइट धरले, तर पाच वर्षांत ६०० कोटी नोंदी आणि ३ टेराबाइट. एवढ्याने डेटाबेसचे दहा तुकडे पाडायची गरज पडत नाही. पाठांतरवाले मात्र ते हमखास पाडतात.

मग लिंकचा कोड किती अक्षरांचा? सगळे ठोकून सांगतात, सात. का, ते विचारलं की गप्प. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं होतात. सहा जागांत ५,६८० कोटी कोड बसतात, आपल्याला हवेत ६०० कोटी. मग सहा पुरतील की! क्रमांक ओळीने वाटले तर पुरतात. पण मग शेजारची लिंक कुणालाही ओळखता येते. कोड यादृच्छिक काढले, तर पाच वर्षांनी दहातला एक आधीच वापरलेला निघेल आणि पुन्हा काढावा लागेल. सात अक्षरांत कोड साडेतीन लाख कोटी होतात, तिथे ही टक्कर हजारात दोनदा. म्हणजे सात हे उत्तर बरोबर ठरू शकतं, पण या वाटेने आलं तरच. मुलाखत घेणाऱ्याला ही वाटच बघायची असते, असं माझं ठाम मत आहे.

वाचनासाठी मी मार्टिन क्लेपमन यांचं २०१७चं ‘डिझायनिंग डेटा-इन्टेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स’ सुचवतो, तेही सावकाश. रेप्लिकेशनचं प्रकरण वाचून झालं की आपण रोज सांभाळतो त्या सिस्टिमची रेप्लिका किती मागे राहते, ते जाऊन बघावं.

पुन्हा लिंकच्या सेवेकडे: आखूड लिंक उघडणाऱ्याला मूळ पानाकडे वळवताना सर्व्हरने ब्राउझरला ३०१ हा स्टेटस द्यायचा की ३०२, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत स्वतःच काढावा. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ब्राउझर ते लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी परस्पर मूळ पानावर जातो. सर्व्हरचा भार हलका होतो, पण ते क्लिक मोजता येत नाहीत. ३०२ दिला की सहसा प्रत्येक क्लिक आपल्याकडे येतो. यातलं काय निवडायचं, ते क्लिकची आकडेवारी कुणाला हवी आहे यावर ठरतं. आणि ते मुलाखत घेणाऱ्यालाच विचारायचं असतं.