देवमाशाचे कुळ

वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूर वसले आहे. समुद्र येथून फार दूर. तरीही येथले पाणी मनेतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीबरोबर सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते.

या भागातील नदीच्या डोहात उन्हाळ्याच्या दुपारी म्हशी बसलेल्या दिसतात. सारे अंग पाण्यात, नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर. ऊन सोसवत नाही म्हणून म्हैस पाण्यात शिरते आणि दिवस कलला की पुन्हा चरावयास जाते. पाण्याचा आश्रय तिला घटकाभरच हवा असतो. परंतु तिच्याच दूरच्या गोतातील काही प्राणी एके काळी पाण्यात शिरले आणि त्यांचे वंशज कायमचे तेथेच राहिले. तेच आजचे देवमासे होत.

देवमासा हा मासा नव्हे. नाव ठेवणाऱ्यांना दोष देता येणार नाही. त्याचा आकारच तसा आहे. पण माशाला कल्ले असतात, देवमाशाला फुप्फुसे असतात. कितीही खोल बुडी मारली, तरी श्वास घेण्यासाठी त्याला वर यावेच लागते. त्याचे रक्त उष्ण असते आणि मादी पिलाला दूध पाजते. आणखी एक भेद फार बोलका आहे. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो, देवमासा ती खाली-वर हलवतो. वेगाने धावणाऱ्या कुत्र्याची पाठ पाहा. प्रत्येक झेपेबरोबर कणा वाकतो आणि सरळ होतो. देवमाशाचा कणाही तसाच वाकतो. त्याच्या पूर्वजांचे पाय गेले, पण कण्याची ती चाल गेली नाही.

हे पूर्वज कोण, याचा पुरावा भारताच्या भूमीतच मिळाला. वऱ्हाडाच्या काळ्या मातीखाली जो काळा खडक आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा बनला आहे. तो रस निवून दीड कोटीहून अधिक वर्षे लोटल्यावर ही कथा सुरू होते. तेव्हा भारताचा भूखंड आशियाला भिडू लागला होता, आणि आज जेथे हिमालय आहे त्या बाजूस टेथिस नावाचा समुद्र आटत चालला होता.

जम्मू भागातील राजौरी जिल्ह्यात कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगराव यांना त्या काळातील खडकांत काही हाडे सापडली. त्या प्राण्याला त्यांनी १९७१ साली ‘इंडोहायस’ असे नाव दिले. त्यांनी जमविलेले पुष्कळसे दगड मात्र न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर ते हान्स थेविसन या शास्त्रज्ञाकडे गेले. एक कवटी साफ करताना चुकून तिचा तुकडा निघाला आणि कानाचे हाड उघडे पडले. त्याची भिंत एका बाजूस विलक्षण जाड होती. असा कान देवमाशाच्या कुळाचीच खूण मानला जात असे! २००७ साली ही गोष्ट जगापुढे आली.

इंडोहायस मांजराहून थोडासा मोठा, सडपातळ पायांचा, खुरांचा प्राणी होता. त्याच्या पायांची हाडे मात्र भरीव व जड होती. अशी हाडे असली म्हणजे प्राणी पाण्यात तरंगत नाही, तळावरून चालू शकतो. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, पूर्वजांचा भाऊबंद होता.

थेट देवमाशाच्या कुळातील जुना प्राणी म्हणजे पाकिस्तानात सापडलेला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, लांडग्याएवढा ‘पाकिसेटस’. त्याच्या घोट्याचे हाड २००१ साली अभ्यासले गेले. ते गाय, म्हैस, शेळी यांच्या घोट्यातील हाडासारखेच निघाले. म्हशीशी नाते जुळले ते असे. आज जिवंत असलेल्यांत पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग आहे. पाकिसेटस गोडे पाणी पीत असे, हेही दातांच्या परीक्षेवरून कळले. म्हणजे समुद्राची वाट नदीतून गेली.

पुढील वंशज खाऱ्या पाण्याकडे सरकले. कच्छमध्ये अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या प्राचीन देवमाशांचे मुख लांबट व पाय आखूड होते. ते किनाऱ्यालगत राहत. इजिप्तच्या वाळवंटात सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचे प्रचंड सांगाडे मिळाले आहेत. त्यांना मागचे पाय आहेत, पण इवलेसे, चालण्याच्या उपयोगाचे मुळीच नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नाकपुड्या मुखाच्या टोकावरून मागे सरकत डोक्याच्या माथ्यावर आल्या. पुढचे पाय वल्ह्यासारखे झाले. त्या वल्ह्याच्या आत आजही हाताची आणि बोटांची हाडे आहेत, आणि कमरेचे एक लहान हाड मांसात तसेच राहून गेले आहे.

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे चाळीस फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला. तो वाचू शकला नाही. हवेत श्वास घेणारा प्राणी जमिनीवर का मरावा, असे कोणासही वाटेल. परंतु समुद्रात त्याचा भार पाणी तोलून धरते. वाळूवर त्याच्याच देहाचे ओझे छातीवर पडते आणि श्वास घेणे कठीण होते. थंड पाण्यात ऊब राखणारा चरबीचा जाड थर उन्हात त्याच्या अंगातील उष्णता बाहेर पडू देत नाही.